अर्धा डबा पांढरा

पांढरा हा रंग नव्हेच, अशी नोकरीतल्या चौतीस वर्षांत भांडारपालांची पक्की समजूत झाली होती. पांढरा हा शेरा होता. कचेरीच्या भांडारात एखादी खुर्ची मोडली, टेबलाचा पाय निखळला, पंखा फिरायचं सोडून नुसता गुरगुरायला लागला, की वर्षाअखेरीला तीन जणांची समिती यायची, नाकाला रुमाल लावून त्या वस्तूभोवती एक फेरी मारायची आणि 'निकाली' अशी सही करून चहाला जायची. मग भांडारपाल डब्यात ब्रश बुडवून वस्तूवर एक पट्टा ओढायचे आणि ती वहीतून कमी करायचे. याला कचेरीत 'पांढरं करणं' म्हणत. 'ते कोपऱ्यातलं कपाट कुठंय हो?' असं कुणी विचारलं, तर 'ते मागच्या सालीच पांढरं झालं' एवढं उत्तर पुरे असे.

गंमत अशी, की पांढरी झालेली वस्तू जायची कुठेच नाही. तिला हलवायला वेगळा हुकूम लागतो आणि तो कधीच निघत नाही. ती व्हरांड्यातच राहायची. पण कागदावरून गेलेली वस्तू कचेरीत कुणाला दिसत नाही. माणसं तिला वळसा घालून जायची, आणि ठेच लागलीच तर हवेची माफी मागायची. एक शिपाई अशा पांढऱ्या खुर्चीवर दोन वर्षं बसत होता आणि दोन वर्षं त्याची गैरहजेरी लागत होती. एकदा तर समितीच्या हातून फाटकावरचा राखणीचा कुत्राच पांढरा झाला. वास्तविक निकाली काढायचं होतं त्याचं खोपटं. त्यानंतर कित्येक महिने फाटकाशी भुंकणं ऐकू यायचं. लोक थबकायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पुढे जायचे. भांडारपालही पुढे जायचे. नियम तो नियम.

निवृत्तीच्या दिवशी त्या रंगाचा अर्धा डबा उरला. भांडारपालांनी उभ्या जन्मात कचेरीची टाचणी घरी नेली नव्हती, आणि इकडे चांगला रंग सुकून वाया जाणार हेही बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी डब्यावरच त्याच डब्यातला एक पट्टा ओढला, डबा रीतसर वहीतून कमी केला, आणि जी वस्तू मुळात नाहीच ती पिशवीत घालून घरी आणायला कुणाची हरकत असणार, असा विचार करून ती आणली. पांढरपेशा माणसाचं मन असंच असतं. ते चोरी करू देत नाही, पण फुकटचं सोडूही देत नाही.

घराच्या दाराचे पोपडे निघाले होते. "अहो, त्या दाराला एकदाचा रंग द्या, आल्यागेल्याची लाज वाटते," असं पत्नी दर महिन्याला म्हणायची आणि दर महिन्याला भांडारपाल "बघू" म्हणायचे. आता बघण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. निवृत्तीच्या आठव्या दिवशी सकाळी त्यांनी जुना सदरा चढवला, जिन्यात वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडला.

जिन्यात माणूस ब्रश घेऊन उभा राहिला, की सल्ला देणारे कुठून कोण जाणे उगवतात. वरच्या मजल्यावरचे मास्तर पायरीवर येऊन बसलेच. मास्तरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण तास अजून संपला नव्हता.

"कोणता पांढरा हा?" त्यांनी विचारलं.

"पांढरा म्हणजे पांढरा, मास्तर."

"असं कसं? पांढराशुभ्र की पांढराफटक? शुभ्र होतं ते धुतल्यानं, फटक पडतं ते भेदरल्यानं. शिवाय पांढुरका आहे. म्हणजे पांढरा होता होता राहिलेला. आणि काळ्याचं पांढरं करणारे करतात तो आणखी वेगळा. शब्द एक असला म्हणून काय झालं?"

"दाराला लावायचाय हो."

मास्तरांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि चटकन मान मागे घेतली. "माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत," ते हळूच म्हणाले. "हा फटक आहे." आणि कधी नव्हे ते तास अर्धवट टाकून ते वर निघून गेले.

त्यानंतर इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना कुणाच्या घरात काही चांगलं घडलेलं खपत नसे. "सगळी दारं तपकिरी असावीत, असा ठराव आहे," ते म्हणाले. "तुम्हाला उद्या नोटीस मिळेल."

दुसऱ्या दिवशी भांडारपाल दाराच्या भिंगाला डोळा लावून वाटच बघत होते. उत्तर तोंडपाठ होतं, ठरावाच्या शब्दरचनेतली चूक शोधून ठेवली होती. सेक्रेटरी नोटीस घेऊन जिना उतरले. शेजारच्या दारापाशी थांबले. समोरच्या दारापाशी थांबले. मग भांडारपालांच्या दारासमोरून तीनदा इकडून तिकडे गेले, डोकं खाजवलं, आणि एकदा तर अगदी भिंगाच्या समोर येऊन, हाताच्या अंतरावरून, सरळ भांडारपालांच्या डोळ्यात बघितलं. त्या बघण्यात ओळख नव्हती. माणूस कोऱ्या भिंतीकडे बघतो तसं ते होतं. संध्याकाळी खालच्या फळ्यावर नोटीस लागली आणि तिच्यावर सेक्रेटरींचा शेरा होता: 'सदर सदनिका आढळून आली नाही.'

भांडारपालांना आधी याचा आनंदच झाला. पण मग वर्तमानपत्र यायचं थांबलं. गॅसवाला आला नाही. मीटर बघणारा तिन्ही दारांचे आकडे घेऊन गेला, चौथ्याकडे वळलासुद्धा नाही. सहा दिवस घंटा वाजली नाही, आणि घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचं टकटकणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं वाटायला लागलं. भांडारपाल तणतणत सेक्रेटरींकडे गेले आणि आपलं घर अस्तित्वात असल्याचा लेखी अर्ज पुढे केला.

"नोटीस मिळाल्याची पोच जोडा," सेक्रेटरी म्हणाले. "पोच असली की घर आहे असं धरू."

"पण नोटीस मिळालीच नाही!"

"कशी मिळेल? घर सापडलं नाही ना."

या युक्तिवादात खोट नव्हती. भांडारपालांनी स्वतः असले शेकडो युक्तिवाद केले होते. फक्त ते स्वतःच्या अंगावर कधी आले नव्हते, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

घरी आले तर रंग आत आला होता. दाराची आतली बाजू त्यांनी रंगवलीच नव्हती, ती पांढरी झाली होती. चौकट पांढरी. छत्र्या अडकवायची खुंटी पांढरी. ओघळ नव्हता, डाग नव्हता, वास नव्हता. त्या जागी आधी काही रंग होता हेच मन मानायला तयार होईना. भांडारपाल दिवाणखान्यात शिरले आणि कशाला तरी धडकून गुडघा चोळत बसले.

"इथं काय ठेवलंयस?" ते ओरडले.

पत्नी आतून हात पुसत आली. "इथं स्टूल असतं ना आपलं."

"कोणतं स्टूल?"

"अहो असं काय करता? चॉकलेटी. एका पायाला निळ्या शाईचा डाग आहे, तुम्हीच सांडली होती."

तिनं एवढं म्हटलं आणि स्टूल तिथं होतं. चॉकलेटी, निळ्या डागाचं, आधीपासून असावं तसं. भांडारपालांनी घाम पुसला. पुढचे दोन दिवस घरात हेच चाललं. दुपारी पडदे जात, ती म्हणे, "पिवळे हो, कडेला मेहंदी रंगाची पट्टी," की पडदे परत. कपाट जाई, ती म्हणे, "राखाडी, वरचा कोपरा गंजलाय," की कपाट परत. तिला विचार करावा लागत नव्हता. भांडी घासता घासता, पाठमोरी, ती एकेक वस्तू जागेवर आणून ठेवत होती. भांडारपाल मात्र नुसते धडकत होते. चौतीस वर्षं ज्यांनी साडेनऊ हजार वस्तूंचा हिशेब ठेवला, त्यांना आपल्या घरातल्या उशीच्या अभ्ऱ्याचा रंग सांगता येईना. त्यांनी स्वतःची समजूत काढली, की अभ्ऱ्यांना नोंदणी क्रमांक नसतो, हेच मुळात चुकीचं आहे.

दार रंगवल्यापासून नवव्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन आली आणि कप हवेतून आला.

कपामागे हात होता. पण तो मनगटापर्यंत पांढरा होता, नखांसकट, रेषांसकट. पांढरा कप धरलेला पांढरा हात पांढऱ्या भिंतीसमोर दिसेना.

"कडीला हात लागून लागून झालं असेल," ती म्हणाली. आवाजात भीती होती आणि ती लपवायचा प्रयत्नही होता. "धुतलं तरी जात नाही."

तेव्हा भांडारपालांच्या लक्षात आलं, की लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण आपल्या दाराची कडी आपण कधी उघडलेलीच नाही. दार उघडणं तिच्याकडे आणि दारातून आत येणं आपल्याकडे, अशी वाटणी कधी झाली कोण जाणे. घरातली प्रत्येक वस्तू ती सांगून परत आणत होती. तिला कोण सांगणार?

"मी कचेरीत जाऊन येतो," ते उठत म्हणाले. "निकाली झालेली वस्तू परत वहीत घ्यायची काहीतरी रीत असेलच."

"लवकर या," ती दारात उभी राहून म्हणाली. भांडारपाल तेव्हा घड्याळात बघत होते.

कचेरीत नव्या भांडारपालासमोर ते तासभर बसले आणि तासभर त्यानं वर पाहिलं नाही. यावरून काही अनुमान काढणं कठीण होतं, कारण समोरच्याला तासभर न बघणं हीच त्या टेबलाची परंपरा होती आणि ती यांनीच पाडली होती. शेवटी त्यानं खालच्या खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"नमुना अकरा. पांढरी वस्तू परत दप्तरी घेण्याबाबत. आजवर कुणी वापरलेला नाही, एवढी एकच प्रत आहे." त्यानं खालचा बारीक मजकूर वाचून दाखवला. "वस्तू दिसत आहे असं गृहीत धरता येत नाही, सबब वर्णन वस्तूकडे न बघता लिहावं. आकार, रंग, ओळखीची खूण. खाडाखोड चालणार नाही. भरलेला नमुना वस्तूच्या जागेवर मोठ्यानं वाचावा. वर्णन चुकल्यास वस्तू कायमची बाद. वस्तू सजीव असल्यास रंगाच्या रकान्यात डोळ्यांचा रंग लिहावा."

"हे असलं कुणी लिहून ठेवलंय?" भांडारपाल संतापून म्हणाले.

त्यानं कागद फिरवून दाखवला. खाली सही होती. कुत्र्याचं प्रकरण झालं तेव्हा नियम करून ठेवला पाहिजे म्हणून यांनीच तो एका दुपारी बसून केला होता, आणि मग जेवायची वेळ झाली म्हणून कुत्र्यासाठी तो भरायचा राहून गेला होता.

परत येताना बसमध्येच त्यांनी नमुना भरायला घेतला. वस्तूचं नाव: पत्नी. संख्या: एक. आकार: मध्यम. पुढचा रकाना आला आणि पेन थांबलं. काळे, असं लिहायला हात खाली गेला आणि तसाच राहिला. काळे का? बहुतेकांचे असतात म्हणून? मग तपकिरी? त्यांनी डोळे मिटून तिचा चेहरा आठवून पाहिला. चष्मा आठवला. चष्म्याची दांडी मोडल्यावर ती आपण दोऱ्यानं बांधून दिली होती, तो दोरा आठवला. चष्म्याच्या आत काही दिसेना. केस आठवून पाहिले, तर केस पांढरे. त्यांतले वयानं किती आणि डब्यानं किती, हेही सांगता येईना.

घरी आल्यावर त्यांनी दार स्वतः उघडलं. स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येत होता. बेसिनपाशी कुणी नव्हतं. मग भिंतीतून कुणीतरी वळलं आणि भांडारपालांना दिसलं, की ती तिथंच उभी आहे. चष्मा होता. चष्म्यामागे पांढरं होतं, कागदासारखं सपाट.

"मिळाला कागद?" ती म्हणाली. आवाज लांबच्या खोलीतून आल्यासारखा. "काय काय लिहायचंय?"

"तसं विशेष नाही. थोडं... डोळ्यांचा रंग वगैरे."

"मग लिहा की."

"लिहितो ना. नियमाप्रमाणे जरा नीट..."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे! नसायला काय झालं?" भांडारपाल म्हणाले आणि कागद घेऊन जिन्यात पळाले. विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं. पण माणसाचा मान म्हणून काही असतो, आणि तो नको त्या वेळी जागा होतो.

त्यांनी मास्तरांची घंटा वाजवली. आपल्या बायकोच्या डोळ्यांचा रंग दुसऱ्याच्या दारात उभं राहून कसा विचारतात, हे कुणी शिकवलेलं नसतं. ते खाकरले, हवापाण्याचं बोलले, आणि मग एकदाचं विचारलं. मास्तर भुवया उंचावून बघत राहिले.

"कोणत्या वहिनी?" ते म्हणाले.

"आमची ही हो. एकतीस वर्षं तुमच्या खाली राहतेय. आजारपणात तुम्हाला डबा कोण देत होतं?"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी येतं आहे असं वाटलं आणि ते पुसलं गेलं. "डबा यायचा खरा," ते म्हणाले. "पण तो कोण आणायचं..."

सेक्रेटरींनी तर दार अर्धवटच उघडलं. "तुम्ही एकटेच राहता अशी आमच्याकडे नोंद आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात सहानुभूती होती. भांडारपालांना तीच सगळ्यात भयंकर वाटली. कठडा धरून ते तळमजल्यावर उतरले. तिथं एक शिंपी बसत असे. तो मान खाली घालून काम करायचा आणि कुणाशी बोलायचा नाही, म्हणून इमारतीत त्याला कुणी फारसं मोजत नसे.

"आमची पत्नी," भांडारपाल म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "तुम्हाला आठवते का हो?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. "वरच्या ताई? न आठवायला काय झालं? बारा वर्षांमागं थंडीचा कोट शिवला त्यांचा. बटणं पसंत पडेनात. मग मी एक बटण त्यांच्या चेहऱ्याशी धरून बघितलं, म्हटलं, ताई, हेच घ्या, तुमच्या डोळ्यांचं आहे."

"कसं होतं? रंग कसा होता?"

"तपकिरी म्हणाल तर चुकेल. पिंगट. कोरा चहा उजेडात धरला की दिसतो तसा. आणि डाव्या डोळ्यात खालच्या अंगाला हिरवा ठिपका आहे. मोहरीएवढा. उन्हात उभ्या होत्या म्हणून दिसला." त्यानं सुई दातात धरली आणि जरा थांबून विचारलं, "का हो, बऱ्या आहेत ना?"

भांडारपालांनी त्याच्याच टेबलावर कागद ठेवला. एकही अक्षर चुकू दिलं नाही. रंग: पिंगट. ओळखीची खूण: डाव्या डोळ्यात खाली हिरवा ठिपका. खाली सही केली, तारीख घातली, आणि एका दमात तीन जिने चढले.

घर सगळं पांढरं झालं होतं. भिंत कुठं संपते आणि जमीन कुठं सुरू होते, कळत नव्हतं. पाण्याचा आवाजही थांबला होता. भांडारपाल हात पुढे करून चाचपडत आत गेले आणि त्यांनी नमुना अकरा मोठ्यानं वाचला, नावापासून सहीपर्यंत, कचेरीत वाचतात तसा. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ते रडत होते आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

मग त्या पांढऱ्यात, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, दोन डोळे उघडले.

नुसते डोळे. पिंगट. ते त्यांच्याकडे बघत होते. नंतर हळूहळू भुवया आल्या, दोरा बांधलेला चष्मा आला, कपाळ, गाल, हात, आणि ती खुर्चीत बसलेली होती. भांडारपालांना हसू येत होतं, हुंदके येत होते, दोन्ही एकदम येत होतं. "आलीस," ते म्हणाले, "आलीस बाई." तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. रंगाच्या रकान्यापाशी ती थांबली. खुणेच्या रकान्यापाशी आणखी थांबली.

"हा ठिपका उन्हातच दिसतो," ती म्हणाली. "आपल्या घरात ऊन येतं सकाळी आठला आणि दुपारी. सकाळी तुम्ही पेपर वाचत असता, दुपारी कचेरीत असायचात."

भांडारपालांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"कुणाला विचारलंत?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण ते डोळे समोर होते.

"शिंप्याला," ते म्हणाले.

ती उठली. पडदे कोणत्या रंगाचे होते ते ती आज म्हणाली नाही. पांढरे होते तसेच बाजूला सारले आणि खिडकीतलं दुपारचं ऊन आत घेतलं. त्या उन्हात तिनं खुर्ची ओढली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली.

"बसा इथं," ती म्हणाली. "आणि आता बघा."

भांडारपाल बसले. मान वर करायला त्यांना बराच वेळ लागला. चौतीस वर्षांत कुठल्याही तपासणीची त्यांना इतकी भीती वाटली नव्हती.